विंडी अ‍ॅपचा रिव्ह्यू: नाशकात बसून बर्फाची वादळं फॉलो करणाऱ्यांसाठी

दर डिसेंबरला ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच की हवामानासाठी कुठलं अ‍ॅप चांगलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. विंडी मी बरीच वर्षं वापरतेय, फोनवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे, आणि हा रिव्ह्यू पावसाळ्याचा नाही, हिवाळ्याचा आहे. म्हणजे बर्फाचा. नाशकात बर्फ पडत नाही हे मलाही माहितीये, पण जगात कुठे मोठं हिमवादळ उभं राहतंय हे आठवडाभर आधीपासून बघायचं, रोज अंदाज इकडून तिकडे कसा सरकतोय ते ताडून बघायचं आणि शेवटी प्रत्यक्षात किती बर्फ पडला ते शोधून काढायचं, ह्यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कशातच येत नाही. घरचे मॅच बघतात, मी चार्ट बघते.

ज्यांनी विंडी कधीच उघडलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चेक रिपब्लिकमधलं अ‍ॅप आहे, इव्हो लुकाचोविच नावाच्या माणसाने २०१४ मध्ये सुरू केलं, तो स्वतः पायलट आणि काइटसर्फिंग करणारा, त्यामुळे सुरुवात वाऱ्यापासून झाली आणि नावही त्यावरूनच. उघडलं की जगाचा नकाशा दिसतो आणि त्यावर वाऱ्याच्या बारीक पांढऱ्या रेघा वाहताना दिसतात. पहिल्यांदा बघणारा नुसता बघतच बसतो. पण त्या रेघांसाठी मी हे वापरत नाही. मुद्दा असा आहे की विंडी मुळात स्वतःचा एकच अंदाज तुमच्यासमोर ठेवत नाही, जगातल्या मोठमोठ्या संस्था जी मॉडेल्स, म्हणजे हवामानाचं गणित करणारे कॉम्प्युटर प्रोग्रॅम, चालवतात ती तुमच्यासमोर मांडतं आणि म्हणतं बघा, तुम्हीच ठरवा.

हे किती महत्त्वाचं आहे ते सांगते. फोनमध्ये आधीपासून येतात तशी बरीच अ‍ॅप्स असतात, एक आयकॉन, एक आकडा. मी आधी असंच एक वापरायचे (नाव नको), त्यात मनालीसाठी सात दिवसांनंतरच्या तारखेला बर्फाचं चिन्ह यायचं, दुसऱ्या दिवशी ते गायब, तिसऱ्या दिवशी परत हजर, आणि का आलं, का गेलं, हे कळायला काही मार्गच नाही. आयकॉनच्या मागे मॉडेल कुठलं, ते कधी चालवलं, दुसरं मॉडेल काय म्हणतंय, सगळं झाकलेलं. विंडीत तेच उघडं आहे. खाली मॉडेलचं नाव दिसतं, त्यावर टॅप केलं की बदलता येतं, आणि कुठल्याही गावावर टॅप करून कम्पेअर केलं की सगळ्या मॉडेल्सचे अंदाज एकाखाली एक येतात. तीन मॉडेल्स एकच सांगत असतील तर बॅग भरा, तिघांची तीन तोंडं असतील तर अजून दोन दिवस थांबा. मला विचाराल तर अंदाज म्हणजे हेच, तो आकडा दुय्यम आहे.

मॉडेल्सबद्दल थोडं सांगते कारण त्याशिवाय ह्या अ‍ॅपची किंमत कळणार नाही. ईसीएमडब्ल्यूएफ म्हणजे आम्हा लोकांच्या भाषेत 'युरो', १९७५ मध्ये स्थापन झालेली युरोपियन देशांची संस्था, मुख्यालय इंग्लंडमध्ये रेडिंगला. त्यांच्या मॉडेलची जाळी साधारण ९ किलोमीटरची, म्हणजे पृथ्वीचे ९-९ किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचं गणित करतात. जीएफएस हे अमेरिकेचं, १३ किलोमीटरचं, पण १६ दिवसांपर्यंत पुढे जातं. आयकॉन (ICON) नावाचं मॉडेल जर्मन हवामान खात्याचं, तेही जगासाठी १३ किलोमीटरचं. ही मॉडेल्स ग्रीनविचच्या वेळेप्रमाणे ० वाजता, ६ वाजता, १२ आणि १८ वाजता चालतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेपाचची आणि संध्याकाळी साडेपाचची निरीक्षणं घेऊन मुख्य दोन रन होतात. गणित व्हायला काही तास जातात, त्यामुळे सकाळचा युरो आपल्याला दुपारच्या सुमाराला बघायला मिळतो आणि संध्याकाळचा मध्यरात्रीच्या आसपास. मोठं वादळ चालू असलं की मी तो मध्यरात्रीचा रन बघूनच झोपते. घरी आता कुणी विचारत नाही.

मॉडेल्सचं भांडण काय असतं ते बघायचं असेल तर जानेवारी २०१५ चं न्यूयॉर्कचं वादळ वाचा कुठेतरी. २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळाचं अमेरिकेच्या किनाऱ्याकडचं ते विचित्र डावीकडचं वळण युरोने जवळपास आठवडाभर आधी पकडलं होतं, जीएफएस तेव्हा मागे पडलं, त्यामुळे सगळ्यांचा युरोवर प्रचंड विश्वास बसलेला. मग २६-२७ जानेवारी २०१५ ला युरो म्हणालं की न्यूयॉर्क शहरात दोन फुटांच्या वर बर्फ, जीएफएस म्हणत होतं की वादळ समुद्रातून थोडं पूर्वेने जाणार, एवढं नाही. शहर बंद केलं, बर्फासाठी सबवे बंद करायची ती त्यांच्या इतिहासातली पहिली वेळ. आणि सेंट्रल पार्कमध्ये पडला ९.८ इंच. वादळ थोडंसंच पूर्वेला सरकलं होतं, तिकडे लाँग आयलंडला आणि बॉस्टनला दोन फूट पडलाच. न्यू जर्सीच्या माउंट हॉली ऑफिसमधले सरकारी हवामानतज्ज्ञ गॅरी स्झॅटकोव्स्की ह्यांनी ट्विटरवर लोकांची जाहीर माफी मागितली. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो, कारण एवढ्या मोठ्या वादळाच्या आकाराच्या मानाने चूक खरंच छोटी होती. बर्फाच्या पट्ट्याची कड अशीच असते, ह्या बाजूला दोन फूट आणि पुढच्या गावात नुसती भुरभुर. आणि बरोबर एक वर्षाने, २२ ते २४ जानेवारी २०१६ ला, त्याच सेंट्रल पार्कमध्ये २७.५ इंच पडला, तिथला आजवरचा विक्रम. अशा वेळी तीन मॉडेल्स एका स्क्रीनवर फिरवून बघता आली की ती कड कुठे आहे आणि कोण कुठे ओढतंय ते लगेच दिसतं, आणि हे काम विंडीइतकं सोपं मला दुसरीकडे कुठे सापडलं नाही.

आता प्रत्यक्ष वापर. उजवीकडे लेयर्सची यादी आहे, बर्फासाठी त्यातले तीन-चारच लागतात. न्यू स्नो हा मुख्य, पुढच्या अमुक दिवसांत किती सेंटीमीटर नवीन बर्फ पडेल ते रंगात दाखवतो. त्याच्याबरोबर प्रेशरच्या रेषा चालू करून ठेवा, त्या सेटिंगमधून कुठल्याही लेयरवर लावता येतात. मध्यभागी कमी दाब आणि भोवती रेषा दाटीने बसल्या की समजायचं काहीतरी मोठं आहे. २४ तासांत दाब २४ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) किंवा जास्त पडला तर त्याला बॉम्ब सायक्लोन म्हणतात, म्हणजे बातम्यांतला तो शब्द उगाच भीतीसाठी काढलेला नाही, त्यामागे मोजमाप आहे, फक्त अक्षांशाप्रमाणे आकडा थोडा बदलतो. खालची टाइमलाइन सरकवत मधल्या आकड्याकडे बघत बसा, ९९८, ९९१, ९८०, ९७२, अंगावर काटा येतो.

पण आपल्या लोकांना सगळ्यात उपयोगी लेयर म्हणजे फ्रीझिंग अल्टिट्यूड, आणि तोच कुणी उघडत नाही. शून्य अंश तापमान किती उंचीवर आहे ते हा लेयर सांगतो. शिमला साधारण २२०० मीटरवर, मनाली २००० च्या थोडं वर, गुलमर्ग साधारण २६५० आणि श्रीनगर १६०० च्या आसपास. समजा फ्रीझिंग लेव्हल २८०० दाखवतंय, तर बर्फ वितळता वितळता त्याच्या खाली दोन-तीनशे मीटर येतो, म्हणजे गुलमर्गला बर्फ, मनालीला पाऊस. १८०० दाखवलं की मनालीलाही बर्फ. आपल्याकडून एवढे लोक डिसेंबर-जानेवारीत मनालीला जातात, रेल्वेचं रिझर्व्हेशन करून, पोराबाळांना स्वेटर घेऊन, आणि तिथे पोचल्यावर पाऊस, कारण अ‍ॅपमध्ये ढगाचं चिन्ह होतं एवढंच त्यांनी बघितलेलं. एवढा एक लेयर बघायला शिका, ट्रिप वाचेल. आणि ही पर्यटकांपुरती गोष्ट नाही, नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात काश्मीरमध्ये अवेळी जड बर्फ पडला तेव्हा सफरचंदाच्या झाडांवर पानं अजून होती, त्या पानांवर ओला बर्फ साचून फांद्याच्या फांद्या मोडल्या, बागा आडव्या झाल्या. द्राक्षवाल्या जिल्ह्यातल्या माणसाला ते फोटो बघून पोटात कालवतं.

तर आता नाशिकचा संबंध. बरेच जण म्हणतात काश्मीरच्या बर्फाचं तुला काय, आणि मला हे समजावून सांगायला फार आवडतं. आपली थंडी तिकडून येते. भूमध्य समुद्र, कॅस्पियन ह्या पट्ट्यातून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली, निघतात, इराण-अफगाणिस्तानवरून आपल्या हिमालयापर्यंत येतात, हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा. त्यांना ओढून आणणारी जेट स्ट्रीम विंडीवर बघायची असेल तर उंचीची पट्टी २५० हेक्टोपास्कलवर न्या, म्हणजे जवळपास दहा किलोमीटर उंचीवर, आणि उत्तर भारतावरून जाणारा तो जाड वेगवान पट्टा बघा, त्याला कुठे खाली वाक पडलाय तेही बघा. तो वाक पुढे सरकत आला की दोन-तीन दिवसांत काश्मीर-हिमाचलमध्ये बर्फ. मग विक्षोभ पुढे निघून जातो, मागे आकाश निरभ्र होतं, आणि बर्फावरून आलेली कोरडी थंड हवा पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेश करत खानदेशात आणि मग आपल्याकडे उतरते. तिकडच्या बर्फानंतर दोन-तीन दिवसांनी इकडे निफाडचा पारा पडला की पेपरात 'निफाड गारठले' अशी हेडलाइन येते, मला ती गोष्ट आठवडाभर आधीपासून नकाशावर चालत येताना दिसत असते.

माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षवाले. डिसेंबर उजाडला की त्यांचा फोन ठरलेला, "काय गं, ते तुझं विंडी काय म्हणतंय, थंडी वाढती का ढगच राहत्यात?" कारण दोन्हीची त्यांना वेगवेगळी काळजी. ढगाळ राहिलं, पूर्वेकडून दमट वारा आला, की भुरी रोगाची भीती आणि फवारण्यांचा खर्च. आणि मण्यात पाणी उतरायच्या अवस्थेत एकदम कडाका पडला तर मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. मग पहाटे बागेत ओळींच्या मधे शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, ठिबक चालू ठेवायचं, विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं म्हणून. हे सगळं पहाटे तीन-चारला उठून करायचं असतं, त्यामुळे कुठल्या रात्री उठायचं आणि कुठल्या नाही हे आधी कळलं तर माणसं, सरपण सगळ्याची जुळवाजुळव होते. मी त्यांना असं सांगते, "मामा, बुधवारपर्यंत ढगाळच दिसतंय, गुरुवारी वारा उत्तरेचा होतोय, शुक्रवार-शनिवारची पहाट सांभाळा, पण आकडा विंडीवर बघू नका." ते शेवटचं वाक्य का, ते महत्त्वाचं आहे.

९ किलोमीटरच्या चौकोनाला निफाड दिसत नाही. निफाडचा भाग गोदावरी-कादवेच्या खोऱ्यात, रात्री वारा पडला आणि आकाश साफ असलं की जमीन पटकन गार होते, थंड हवा जड म्हणून सखल भागात साचून राहते. त्यामुळे एकाच रात्री निफाडला आणि नाशिक शहरात काही अंशांचा फरक पडतो, शहरात सिमेंट आहे, खोऱ्यात शिवार आहे. मॉडेल त्या सगळ्या चौकोनाची एकत्र सरासरी काढतं. म्हणून विंडीवरून थंडीची चाल बघायची, वारा कधी फिरतोय, ढग कधी हटतायत, दवबिंदू किती खाली जातोय हे बघायचं, आणि किमान तापमानाचा आकडा मात्र कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर आणि हवामान खात्याकडे नोंद होते त्याच्याशी ताडून आपला आपण अंदाज बांधायचा. दोन-तीन हिवाळे हे केलं की मॉडेलपेक्षा निफाड साधारण किती खाली जातं ते हाताला बसतं. डोंगरातही तीच गोष्ट, हिमालयातलं एखादं गाव दरीत, शेजारचं शिखर दोन हजार मीटर वर, आणि मॉडेलच्या लेखी दोघांची उंची एकच. हा दोष अ‍ॅपचा नाही, जाळीचा आहे, पण वापरणाऱ्याला माहीत पाहिजे.

इथेच आपल्या लोकांचं कौतुक करते. मे २०२५ मध्ये भारतीय हवामान खात्याने भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू केली, ६ किलोमीटर जाळीची, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेत तयार झालेली, आणि ती चालते तिथल्याच 'अर्का' ह्या सुपरकॉम्प्युटरच्या जोरावर. पुण्यात, म्हणजे आपल्यापासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर. मला ह्याचा खरंच अभिमान वाटतो. इशारा म्हणून कायम हवामान खात्याचाच धरायचा, पिवळा, नारिंगी, लाल जे असेल ते, विंडी हे समजून घ्यायला आहे. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी आपल्या जिल्ह्यात जी गारपीट झाली, निफाडच्या बागा झोडपल्या गेल्या, तसल्या प्रसंगी कुठल्या गावात गारा पडणार हे जागतिक मॉडेलवर शोधू नका, ते त्यांचं कामच नाही. अरबी समुद्रावरून ओलावा येतोय आणि वर थंड हवेचा वाक आलाय एवढी चाहूल मिळते, पुढचं रडार आणि खात्याचे तातडीचे इशारे.

परत बर्फाकडे येते. माझी मावसबहीण अमेरिकेत बफेलोजवळ राहते, एरी सरोवराच्या काठाला, आणि बर्फवेड्या माणसासाठी बफेलो म्हणजे पंढरी. तिथे वादळ येण्याचीही गरज नाही. सरोवराचं पाणी अजून कोमट, वरून कडक थंड हवा आली की पाण्याची वाफ उचलून किनाऱ्यावर बर्फ म्हणून ओतते, आणि वारा जर सरोवराच्या लांबीच्या दिशेने, नैर्ऋत्येकडून आला तर सगळा बर्फ एकाच बारीक पट्ट्यात पडतो. ठोकताळा असा की पाणी आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरची हवा ह्यांच्यात १३ अंशांचा फरक पाहिजे. विंडीवर उंचीची पट्टी ८५० हेक्टोपास्कलला ठेवून तापमान बघा, मग पाण्याचं तापमान बघा, वजाबाकी करा, झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्क भागात साधारण ८० इंच, म्हणजे दोन मीटर बर्फ पडला, त्यांची फुटबॉलची मॅच उचलून डेट्रॉइटला न्यावी लागली, आणि उत्तरेला नायगाऱ्याच्या बाजूला त्या मानाने अगदी थोडा. बहीण तेव्हा उत्तरेकडे राहायची. मी इकडे इंदिरानगरात गॅलरीत उभी राहून तिला व्हिडिओ कॉलवर सांगत होते की ताई, वारा थोडा दक्षिणेचा झाला तर पट्टा तुमच्याकडे सरकेल, दूध-ब्रेड आणून ठेवा, आणि ती खिडकीतून कॅमेरा दक्षिणेकडे फिरवून दाखवत होती, क्षितिजावर ढगाची एक सरळ काळी भिंत, वर स्वच्छ निळं आकाश. आयुष्यात मी बघितलेलं ते सगळ्यात सुंदर आकाश असेल, तेही फोनच्या स्क्रीनवर. त्याच वर्षी नाताळात मात्र त्याच गावात भयंकर ब्लिझर्ड, म्हणजे हिमवादळ, झालं, ४० हून जास्त माणसं गेली, काही गाडीत अडकून, काही घराबाहेर. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी ह्या हिल स्टेशनला असंच, पर्यटकांच्या गाड्या बर्फात अडकल्या आणि २० हून जास्त माणसं गाडीतच गेली, आणि ते तर आपल्या ओळखीच्या पश्चिमी विक्षोभानेच. म्हणून मी हे नुसतं छान दिसतं म्हणून बघत नाही, आणि कुणी बर्फ बघायला निघालं की इशारा वाचल्याशिवाय जाऊ देत नाही.

जपान बघायला विसरू नका. सायबेरियाची थंड हवा जपानच्या समुद्रावरून जाते तेव्हा सॅटेलाइट लेयरवर ढगांच्या अशा समांतर रेघा उमटतात की कुणीतरी समुद्रावरून कंगवा फिरवलाय. त्या रेघा पश्चिम किनाऱ्याच्या डोंगरांवर आदळल्या की बर्फ. आओमोरीजवळ सुकायू ऑनसेनला फेब्रुवारी २०१३ मध्ये जमिनीवर ५६६ सेंटीमीटर बर्फ साचलेला मोजला गेला, म्हणजे दोन मजली घराएवढा. आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्यामुळे सकाळी चहा घेता घेता तिथला दिवसाचा सॅटेलाइट छान बघता येतो.

न्यू स्नोच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. मॉडेल मुळात पाण्याचं गणित करतं, त्यावरून बर्फ काढतात. सर्वसाधारण हिशोब एकास दहा, म्हणजे १ सेंटीमीटर पाण्याचा १० सेंटीमीटर बर्फ, पण हवा कडक थंड असेल तर तोच हलका भुसभुशीत बर्फ १५-२० सेंटीमीटर होतो आणि शून्याच्या आसपास ओला जड असेल तर १० सुद्धा होत नाही. त्यामुळे स्क्रीनवर ४३ सेंटीमीटर लिहिलंय म्हणून ४३ धरायचा नाही. आणि दहाव्या दिवसाचा राक्षसी आकडा बघून लगेच ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका, ही हात जोडून विनंती. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाभर कोरडं पडलं होतं, स्कीइंगच्या उतारांवर गवत दिसत होतं, अशा काळात एखादाच रन दहा दिवसांपुढे भरघोस बर्फ दाखवतो आणि आशेवर बसलेल्या लोकांचे जीव वर-खाली होतात. पाच दिवसांच्या आत आल्यावर, सलग तीन-चार रन तेच म्हणायला लागल्यावर बोला. मार्च १९९३ चं अमेरिकेतलं ते 'शतकातलं वादळ' पाच दिवस आधी ओळखलं गेलं होतं, ते तेव्हा केवढं मोठं यश मानलं गेलं, त्यामुळे आज पाच दिवसांवर आपण एवढा भरवसा ठेवतो ह्यामागे किती लोकांची मेहनत आहे ते लक्षात ठेवा.

फुकट की प्रीमियम? नव्वद टक्के लोकांना फुकट पुरेसं आहे, मॉडेल्स, लेयर्स, कम्पेअर, सॅटेलाइट, वेबकॅम सगळं त्यात आहे, फक्त अंदाज तीन-तीन तासांच्या टप्प्याने दिसतो. प्रीमियममध्ये तासातासाचा आणि अपडेटही जास्त वेळा. मी प्रीमियम घेतलंय कारण पावसाचा बर्फ कधी होतो किंवा आपल्याकडे वारा नेमका रात्री कुठल्या तासाला पडतो हे मला तासातासाने बघायचं असतं, द्राक्षवाल्यांना ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी घ्यायला हरकत नाही. मनालीच्या एका ट्रिपसाठी मात्र घेऊ नका. वेबकॅम जरूर उघडा, नकाशावर जिथे कॅमेरा आहे तिथलं ताजं चित्र दिसतं, मॉडेल म्हणतंय बर्फ पडतोय आणि कॅमेऱ्यात रस्ता पांढरा होताना दिसतोय, तो आनंद वेगळाच. हिमालयात आपल्या बाजूला कॅमेरे फार कमी, आल्प्स आणि जपान भरपूर.

फोनपेक्षा लॅपटॉप बरा. फोनवर टाइमलाइन ओढताना बोट घसरतं आणि प्रेशरच्या रेषा गर्दी करतात, मोठ्या स्क्रीनवर अख्खा भूमध्य समुद्र ते नाशिक एका नजरेत बसतो, आणि विक्षोभाचा प्रवास बघायला तेवढीच रुंदी लागते. नेट मात्र बऱ्यापैकी पाहिजे, गंगापूर धरणाच्या पलीकडे किंवा त्र्यंबकच्या डोंगरात रेंज गेली की नकाशा अर्धवट लोड होऊन बसतो, त्यामुळे निघायच्या आधीच बघून घ्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा स्टार मॉडेल म्हणजे काय हे अ‍ॅपने नवख्याला नीट समजावून सांगावं म्हणून राखून ठेवलाय, आत्ता ते ज्याचं त्याने शिकायचं असं आहे. सुरुवात करायची असेल तर २१ डिसेंबरपासून करा, काश्मीरचा चिल्लई कलां, म्हणजे सगळ्यात कडाक्याच्या थंडीचा काळ, तेव्हा सुरू होतो, ४० दिवस. गुलमर्गवर एक पिन लावा, निफाडवर दुसरी, रोज दुपारी एकदा दोन्ही उघडून युरो आणि जीएफएस काय म्हणतायत ते वहीत लिहा, शेजारी दुसऱ्या दिवशी खरं काय झालं ते. बाकी शंका असतील तर खाली विचारा, वादळ चालू नसेल तर लगेच उत्तर देते.